दंड वाढवून झाला, आता परतीची सोय बघा

कोकणात संध्याकाळी साडेसात-आठनंतर तालुक्याच्या गावाहून वाडीवर जायला गाडी मिळणं कठीण. शेवटची एसटी, बहुतेक ठिकाणी वस्तीची गाडी, गेलेली असते. सहा आसनी रिक्षा भरल्याशिवाय हलत नाहीत आणि आठनंतर त्या भरत नाहीत. परमिट रूममध्ये खरी गर्दी होते ती याच सुमाराला. तिथून घर आठ, दहा, पंधरा किलोमीटर. रस्ता अरुंद, वळणाचा, दिवे नसलेला, कडेला जांभ्याचा गडगा. इथे दुचाकीवर आलेला माणूस दोन पेगनंतर घरी कसा जाणार, हे विचारायचीही गरज नाही. दुचाकी दारात उभी आहे. दारू पिऊन गाडी चालवण्याविषयीची आपली चर्चा मात्र दंड किती आणि कैद किती, याच दोन आकड्यांभोवती फिरत राहते.

ते आकडे आधी उरकून घेऊ. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. २०१९च्या दुरुस्तीपूर्वी पहिल्या गुन्ह्याला ₹२,०००पर्यंत दंड होता, आता ₹१०,००० किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास ₹१५,००० किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. हा गुन्हा तडजोडीचा नाही. ई-चलन भरून मोकळं होता येत नाही, कोर्टात जावंच लागतं. कागदावर कायदा पुरेसा कडक आहे.

दंड पाचपट झाला, तपासण्या किती पट झाल्या? पिऊन गाडी काढणारा माणूस दंडाची रक्कम मोजत नसतो. आज रस्त्यात कोणी उभं असेल का, एवढंच तो पाहतो. वर्षातले तीनशेहून जास्त दिवस त्याचं उत्तर ‘नाही’ असं येतं आणि ते बरोबरही ठरतं. अशा स्थितीत दंड ₹५०,००० केला तरी फरक पडेल तो तोडपाण्याच्या भावात. भीती बसते ती आपण सापडूच अशी खात्री झाली की. शिक्षा किती मोठी, हा पुढचा प्रश्न.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने डिसेंबर १९८२ मध्ये एक साधी गोष्ट केली: संशय असो वा नसो, थांबवलेल्या प्रत्येक चालकाला फुंकायला लावायचं. रस्त्यावरचे मृत्यू लगेच उतरले. ही पद्धत आपल्याकडे तशीच उचलता येत नाही, आणि याची चर्चा जवळपास होतच नाही. आपल्या कलम २०३नुसार गणवेशातला पोलीस किंवा परिवहन विभागाचा अधिकारी श्वासचाचणी मागू शकतो, पण चालक प्यायला आहे असा वाजवी संशय असेल तरच. सरसकट चाचणीला कायद्याचा स्पष्ट आधार नाही. दंडाचा आकडा पुन्हा वाढवण्याऐवजी संसदेने या कलमातली संशयाची अट काढली, तर तो बदल जास्त उपयोगी पडेल. तोपर्यंतचा मार्ग असा: नाक्यावर प्रत्येक गाडी थांबवायची, काच खाली करायला सांगायची, दोन वाक्यं बोलायची. चेहऱ्याजवळ धरून सभोवतालच्या हवेतलं अल्कोहोल टिपणारी यंत्रंही मिळतात. त्यात फुंकावं लागत नाही. वास आला किंवा यंत्राने इशारा दिला की संशयाला आधार मिळतो आणि मग रीतसर चाचणी.

सर्वांना थांबवण्याचा कोकणात आणखी एक फायदा आहे. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. नाक्यावरच्या हवालदाराला समोरच्याचं घर, कूळ, मामा, पक्ष, सगळं ठाऊक असतं. निवडून थांबवायचं म्हटलं की ‘मलाच का?’ आलं, पाठोपाठ फोन आला. सगळेच थांबत असतील तर अपमान कोणाचाच होत नाही. त्यातही रात्रीच्या तपासणीला शेजारच्या तालुक्याची तुकडी आणावी. कणकवलीला कुडाळची, खेडला चिपळूणची. पोलीस अधीक्षकांना यासाठी नव्या पदांची गरज नाही, ड्युटीचा तक्ता बदलला की झालं.

जागा आणि वेळ हा दुसरा भाग, आणि आपली नाकाबंदी नेमकी इथेच फसते. एकतीस डिसेंबरला हायवेच्या मोठ्या फाट्यावर बॅरिकेड लावून पहाटेपर्यंत उभं राहायचं, हा ठरलेला कार्यक्रम. पंधरा मिनिटांत गावातल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जागा पोचते आणि लोक आतल्या रस्त्याने जातात, म्हणजे अधिक अंधाऱ्या, अधिक धोक्याच्या रस्त्याने. नाका एका जागी अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त ठेवू नये. रात्री तीन-चार जागा बदलाव्यात, त्यातल्या दोन तरी आतल्या रस्त्यांवर असाव्यात: बाजारपेठेतून वाड्यांकडे फुटणाऱ्या तिठ्यावर, पुलाच्या तोंडाशी, जिथे दुसरी वाट नाही तिथे. खाड्यांमुळे कोकणात अशा जागा भरपूर आहेत. गावकऱ्यांसाठी वेळ रात्री आठ ते अकरा. पर्यटकांसाठी सकाळी सहा ते नऊ.

सकाळी का, हे समजायला दारूचा हिशेब मांडावा लागतो.

व्हिस्की, रम किंवा बाटलीतली फेणी साधारण ४२.८ टक्के असते. ६० मिलीच्या मोठ्या पेगमध्ये २५ मिलीपेक्षा थोडं जास्त, वजनाने सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ७० किलोच्या पुरुषाच्या रक्तात, रिकाम्या पोटी, ते ढोबळमानाने १०० मिलीमागे ४० मिलिग्रॅमच्या पुढे जातं. मर्यादा ३०ची. म्हणजे ‘एकच घेतली’ म्हणणारा खरं बोलत असला तरी मर्यादेबाहेर असू शकतो. ५५ किलोच्या बाईच्या बाबतीत तोच पेग ६५च्या आसपास नेतो, कारण वजन कमी आणि शरीरातलं पाण्याचं प्रमाणही कमी. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे ४१ ग्रॅम, दोन मोठ्या पेगांइतकी. ‘बिअर काय, पाणीच’ हा समज त्यामुळेच महागात पडतो. क्वार्टर, म्हणजे १८० मिली, ६० ग्रॅमच्या वर.

उतरण्याचा वेग मात्र जवळपास ठरलेला: तासाला साधारण १० ते १५ मिलिग्रॅम. हे काम यकृत करतं आणि त्याला घाई करता येत नाही. लिंबूपाणी, कोरा चहा, ताक, सोलकढी, विहिरीचं थंड पाणी डोक्यावर, ओकून टाकणं, यातल्या कशानेही रक्तातली दारू लवकर उतरत नाही. चहाने झोप जाते, एवढंच. जागा झालेला दारुडा गाडीवर झोपलेल्यापेक्षा वेगाने निघतो, हा तोटाच. जेवण मात्र कामाचं आहे, पण पिण्याआधी किंवा पिताना. भरल्या पोटी दारू हळू चढते आणि शिखर खाली राहतं.

आता तारकर्लीला आलेल्या ७० किलोच्या पर्यटकाचा हिशेब करू. रात्री नऊला सुरुवात, एकपर्यंत एक क्वार्टर आणि एक स्ट्राँग बिअर. एकूण सुमारे १०० ग्रॅम. चार तासांत यकृताने आपल्या परीने उपसूनसुद्धा एक वाजता आकडा १५०च्या आसपास. सकाळी सातला आंघोळ, घावणे-चटणीचा नाश्ता करून तो गाडीत बसतो तेव्हा ६०हून जास्त, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. नऊ वाजून गेल्यावर तो ३०च्या खाली येतो, तेही वेगाने उतरवणारं शरीर असेल तर. हळू असेल तर दुपार होते. गाडीत बायको-मुलं असतात, पुढे मुंबईपर्यंत आठ-दहा तासांचा रस्ता, आणि ‘रात्रीची रात्री उतरली’ अशी त्याची प्रामाणिक समजूत. हे लोक बेदरकार नाहीत. त्यांना हिशेब कोणी सांगितलेला नाही. निवास-न्याहारी चालवणाऱ्या प्रत्येक घराने हा हिशेब खोलीच्या दारामागे लावावा आणि खोली सोडण्याची वेळ दहाऐवजी बारा करावी. दोन तास उशिरा खोली मोकळी झाल्याने पुढच्या पाहुण्याचं फारसं अडत नाही.

थोडी दारू घेतली तर गाडी नीट चालवता येते, असं सांगणारे ठिकठिकाणी भेटतात. दारू आधी खाते ती निर्णयशक्ती आणि एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष ठेवण्याची क्षमता. सरळ रस्त्यावर ते कळत नाही. आंबोली किंवा करूळ घाटात, पावसात, समोरून प्रखर दिवे आणि वळणावर बसलेली गुरं असताना लगेच कळतं. ताशी ६० किमी वेगाला ब्रेक अर्धा सेकंद उशिरा लागला तर गाडी ८ मीटरहून जास्त पुढे गेलेली असते. मागचे दिवे नसलेला चिऱ्याचा ट्रक कडेला उभा असेल तर तेवढे मीटर उरत नाहीत.

तपासणी करणाऱ्यांच्या चुकाही सांगायला हव्यात, कारण पकडलेले खटले त्यामुळे कोर्टात पडतात. तोंडात उरलेली दारू यंत्राला फसवते. शेवटचा घोट किंवा अल्कोहोलयुक्त माउथवॉश पंधरा मिनिटांच्या आत घेतला असेल तर आकडा खोटा फुगतो, म्हणून पंधरा मिनिटं थांबवून मगच चाचणी घ्यायची. प्रत्येकासाठी नवी, सीलबंद नळी. आधी यंत्र शून्य दाखवतं का ते पाहायचं, आणि चालकालाही दाखवायचं. मग एका दमात, न थांबता फुंकायला सांगायचं. अर्धवट फुंकर सोडली तर यंत्र नमुना घेत नाही, आणि पट्टीचे पिणारे हे कसब शिकून असतात. छापील पावतीवर वेळ, यंत्राचा क्रमांक, आकडा आणि चालकाची सही. यंत्राचं कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा बरोबर येतो का याची पडताळणी, ठराविक मुदतीत झालेलं असावं आणि त्याचा दाखला खटल्याच्या कागदांत जोडलेला असावा. दमट खाऱ्या हवेत जीपच्या डॅशबोर्डवर पडून राहिलेल्या यंत्राचा भरवसा कोणता न्यायाधीश धरेल?

अटक केली तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडावं लागतं. हे कलम २०२मध्येच आहे. आतल्या गावात पकडलेल्याला ग्रामीण रुग्णालयात न्यायचं तर एक तास रस्त्यात जातो, आणि तिथे रात्रपाळीचा एकच डॉक्टर, तोही प्रसूतीत अडकलेला. त्यामुळे नाक्याची जागा ठरवतानाच जवळचं रुग्णालय किती मिनिटांवर आहे हे पाहिलं पाहिजे. रक्त घेताना त्वचा स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची नाही. हे सांगायला लागू नये, पण सवयीने हात स्पिरिटकडेच जातो आणि बचाव पक्षाला आयता मुद्दा मिळतो. कुपीत सोडियम फ्लोराइड हवं. नाहीतर कोकणच्या उकाड्यात प्रयोगशाळेत पोचेपर्यंत जंतू नमुन्यातलं अल्कोहोल खातात किंवा नवं तयार करतात.

सरकारी आकड्यांचा आधार घेऊन काही जण म्हणतात की हा प्रश्न एवढा मोठा नाही. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांतले दोन-तीन टक्के मृत्यूच दारू-अमली पदार्थांच्या रकान्यात आहेत. सर्वाधिक मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात. पण तो वेग कशामुळे होता, हे त्या रकान्यात दिसत नाही. अपघातानंतर चालकाची दारूची चाचणी सरसकट होत नाही. एकटाच दुचाकीस्वार मोरीच्या कठड्यावर आपटून गेला की पंचनाम्यात ‘भरधाव वेगाने निष्काळजीपणे’ असं लिहून प्रकरण मिटतं. घरच्यांनाही तेच बरं वाटतं, कारण विम्याचा प्रश्न असतो. जीव गेलेल्या किंवा गंभीर जखमी झालेल्या प्रत्येक अपघातात सर्व चालकांचं, मृतांचंसुद्धा, रक्त तपासलं गेलं तरच खरा आकडा कळेल.

विम्याबद्दल घरातल्या बायकांनी तरी हे ठाऊक ठेवावं. चालक प्यायलेला असल्याचं सिद्ध झालं तर गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जातो, वैयक्तिक अपघात विम्याचंही बहुधा तेच होतं. समोरच्याला द्यायची भरपाई कंपनी देते, पण ती गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. आंब्याची कलमं विकून ती भरावी लागते.

आता परतीच्या सोयीकडे. कोकणात दारू पिऊ नका असं सांगणारं भाषण फार ऐकलं जाणार नाही. दक्षिण कोकणात राखणदाराला, म्हणजे गावाचं रक्षण करणाऱ्या दैवताला, राखण देताना नारळ-कोंबड्याबरोबर दारूचा घोट ठेवायची रीत कित्येक ठिकाणी आहे. राखणदारालाच जिथे वाटा आहे तिथे माणसांना उपदेश कोण करणार? (राखणदाराला रात्री दुचाकी चालवायची नसते, हा फरक सोडला तर.) प्या किंवा पिऊ नका, तो तुमचा विचार. प्रश्न चावीचा आहे.

वर्षातली सर्वांत धोक्याची रात्र माझ्या मते एकतीस डिसेंबर नव्हे, लगीनसराईतली हळदीची रात्र आहे. एकतीसला निदान पोलीस तरी रस्त्यावर असतात. हळद कुठल्याशा वाडीत असते, पाहुणे पंचक्रोशीतून दुचाकींवर आलेले, दारू स्टीलच्या ग्लासात अंदाजपंचे ओतलेली, पेगाचं माप कोणाकडेच नाही, आणि जेवण सगळ्यांत शेवटी. यजमान मंडप, बँजो, डीजे यांवर खर्च करतो, पाहुण्यांच्या परतीवर मात्र एक रुपया नाही. एक १७ आसनी टेम्पो ट्रॅव्हलर रात्रीपुरती ठरवली आणि तिने दहा, साडेअकरा आणि एक वाजता वेगवेगळ्या दिशांना तीन फेऱ्या केल्या, तर पन्नासेक माणसं घरी पोचतात. डीजेच्या बिलापुढे हा खर्च किरकोळ आहे. दुसऱ्या दिवशी लग्नच असतं, पाहुणे पुन्हा तिथेच येणार असतात. दुचाकी रात्रभर मंडपाशेजारी राहिली तर कोणाचंही काही अडत नाही. एक पोरगा राखणीला ठेवला की पुरे.

चाव्या गोळा करायच्या त्या पहिला ग्लास भरण्याआधी. नंतर मागितली तर भांडण होतं, कारण ‘मला काही झालेलं नाही’ ही खात्री दारूच देत असते. चावी ठेवायची ती मित्राकडे नको. तो दोन शिव्या खाऊन देऊन टाकतो. नवऱ्यामुलाच्या आत्येकडे किंवा थोरल्या काकीकडे द्यावी, जिच्याशी हुज्जत घालायची प्यायलेल्याचीही छाती होत नाही. जेवणाची पंगत आठला सुरू करावी. आणि ‘आपल्यात सगळ्यांत कमी कोण प्यायलाय’ असं विचारून चालक ठरवायची पद्धत बंद करावी. चालक तोच, ज्याने अजिबात घेतलेली नाही, आणि तो निघतानाच ठरलेला असावा. कलम १८८ही लक्षात असू द्या. प्यायलेल्याला गाडी चालवायला प्रवृत्त करणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे.

परमिट रूमवाल्यांकडून अपेक्षा माफक आहेत. रात्री येणाऱ्या तीन रिक्षावाल्यांचे नंबर आणि प्रत्येक वाडीचं ठरलेलं भाडं गल्ल्याजवळ लावलेलं असावं. भाडं आधी ठरलेलं नसेल तर रात्री अकराला दहा किलोमीटरचे वाटेल तेवढे सांगितले जातात आणि माणूस वैतागून दुचाकीला किक मारतो. गाडी रात्रभर आवारात ठेवायला परवानगी असावी, आणि सकाळी ती उचलून नेली जाणार नाही एवढी हमी पोलिसांनी द्यावी. रिक्षावाल्यांची पाळी लावताना त्यांच्याही तोंडाचा वास बघावा, ही सूचना विनोदाने केलेली नाही.

महामार्गापासून दुकानं लांब नेण्याचा उपाय करून पाहिला गेला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये ५०० मीटरचं अंतर घातलं, मार्च २०१७ मध्ये २० हजारांपर्यंत लोकसंख्येच्या ठिकाणी ते २२० मीटर केलं, पुढे शहरी हद्दींना मोकळीक मिळाली. ट्रकवाल्याला सहज हाताशी असलेली बाटली थोडी दूर गेली हे खरं. पण दुचाकीवरच्या गावकऱ्याला २२० मीटर म्हणजे काहीच नाही. गोव्याच्या सीमेवर तर हा सगळा विचारच उलटा होतो. बांदा, दोडामार्ग, आरोंद्याहून पलीकडे जाऊन स्वस्तात पिऊन परत यायचं. इन्सुलीच्या नाक्यावर डिकीतली बाटली शोधली जाते. चालकाच्या पोटातली कोण शोधतं? उत्पादन शुल्काच्या त्याच नाक्यावर वाहतूक पोलिसांचा एक माणूस श्वासयंत्र घेऊन बसला तर वेगळा नाका उभारायचंही कारण नाही.

गाडी सुरू होण्याआधी फुंकायला लावणारी यंत्रं खाजगी लक्झरी बस आणि शाळेच्या गाड्यांपासून सुरू करावीत, घरोघरच्या दुचाकींना ती झेपणार नाहीत. चालकाऐवजी क्लीनर फुंकतो, ही पळवाट गृहीत धरून कॅमेरा असलेलीच घ्यावीत. गणपतीत सलग फेऱ्या मारणाऱ्या बसचालकाला थोडीशी दारूही जास्त बाधते, कारण झोप आधीच अपुरी असते. त्यांची तपासणी पनवेलजवळ पळस्प्याला, प्रवास सुरू होतानाच व्हावी. कशेडी घाटापर्यंत वाट बघू नये.

राहता राहिली एसटी. जत्रेला, शिमग्याला, दशावताराच्या रात्री आगार जादा गाड्या सोडतं, पण त्या जाण्याच्या वेळेला. परतीची गाडी रात्री अकरा-बाराला हवी असेल तर ग्रामपंचायतीने आगार व्यवस्थापकाला लेखी मागणी महिनाभर आधी द्यावी, त्यात वाड्यांची नावं, किलोमीटर आणि अंदाजे प्रवासी लिहावेत. प्रवासी कमी असतील तर प्रासंगिक करारावर, म्हणजे अख्खी गाडी भाड्याने, घेता येते. तिचे पैसे आगाऊ भरावे लागतात, आणि मंडळाची वर्गणी गोळा होते त्याच वेळी ती रक्कम बाजूला काढली नाही तर नंतर कोणी देत नाही. चालकाच्या मुक्कामाची आणि जेवणाची व्यवस्था गावाने करायची असते. ती आधीच ठरवा, आणि तीही दारू चालते त्या घरापासून लांब.